दारुमाचा उजवा डोळा

दारुमाला दुसरा डोळा कधी काढायचा, हे आमच्या शिओउरा गावात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. लाल, गोल, बिनहातापायांचा तो कागदी लगद्याचा बाबाजी घरी आणायचा, मनात एक इच्छा धरायची आणि त्याचा डावा डोळा शाईने रंगवायचा. इच्छा पुरी झाली की उजवा. तोवर बिचाऱ्याने एकाच डोळ्याने जग बघायचं. यात चूक होण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं.

मी नगरपालिकेच्या उद्यान खात्यात उपप्रमुख आहे. या शहरातल्या चेरीच्या झाडाची एक फांदी माझ्या सहीशिवाय तोडता येत नाही. ही बढाई नव्हे. पुढचा प्रकार ज्याच्या हातून घडला तो माणूस अगदीच उडाणटप्पू नव्हता, एवढंच मला नोंदवायचं आहे.

दारुमा होता फुसाएकाकूंच्या खाणावळीत. धक्क्याजवळची ती गल्ली, दारावर निळा पडदा, आत एक लांब फळी, फळीसमोर ओळीने स्टुलं, आणि पलीकडे दिवसभर रटरटणारं मुळ्याचं, अंड्यांचं, माशांच्या वड्यांचं पातेलं. कोपऱ्यात टीव्ही. टीव्हीवर पेलिकन्स, म्हणजे आमच्या गावचा बेसबॉलचा संघ. लीगमध्ये संघ सहा, आणि पेलिकन्स वर्षानुवर्षं पाचवे किंवा सहावे. पाचवे आले की आम्ही एकमेकांचं अभिनंदन करतो. पहिले तीन संघ पुढच्या फेरीत जातात आणि उरलेल्या तिघांचे चाहते ऑक्टोबरातच दारं-खिडक्या लावून हिवाळ्यात जातात. आम्हाला त्या हिवाळ्याची सवय होती.

फुसाएकाकूंचे यजमान गेले त्याच्या पुढच्या वसंतात काकूंनी हा दारुमा आणला, टीव्हीच्या डोक्यावर ठेवला आणि न बोलता त्याचा डावा डोळा रंगवला. तेव्हा दुकानात मी, हिरुमा न्हावी आणि धक्क्यावरचं एक मांजर एवढेच होतो. काय मागितलं, ते आम्ही विचारलं नाही. टीव्हीच्या डोक्यावर बसलेला दारुमा दुसरं काय मागणार?

आणि त्या वर्षी पेलिकन्स जिंकायला लागले हो! का लागले ते त्यांनाही कळलं नसावं. उन्हाळा सरेपर्यंत ते तिसऱ्या जागेवर जाऊन बसले. खाली श्वास रोखून उत्तरेकडचे बेअर्स, एका केसाच्या अंतरावर. रोज संध्याकाळी दुकानात माणसं वाढायला लागली. टोफूवाला उएमात्सु आला, त्याचा भाऊ आला, शाळेतले मास्तर आले. त्या संध्याकाळी आठवल्या की मला अजून वाटतं, आपण त्या जगलो की कुणाच्या तरी झोपेत जाऊन बसलो होतो? समुद्रावरून मऊ वारा यायचा, पडदा हलायचा, पातेल्यातून वाफ निघायची, आणि टीव्हीवर आमचाच संघ जिंकत असायचा. घरी मी म्हणजे कपाटाशेजारचं दुसरं कपाट. कचेरीत मी म्हणजे सही. इथे मात्र दाराजवळचं तिसरं स्टूल माझं होतं, आणि मी आत शिरलो की लोक म्हणायचे, "आले इनुकाईसान, आता बघा!"

अशातच एका संध्याकाळी काकू पातेल्यात पळी फिरवत म्हणाल्या, "पेलिकन्सचा मोसम संपेल त्या दिवशी मी पडदा कायमचा उतरवणार. गुडघे ऐकत नाहीत आता. लेक सेन्दाईला बोलावतेय."

उएमात्सुने तोंडात घातलेला वडा तसाच गालात धरून ठेवला. पेलिकन्स चौथे आले तर मोसम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपणार. तिसरे आले तर पुढे सामने, त्यात जिंकले तर आणखी सामने, आणि हिरुमाच्या हिशोबाने, देवाच्या मनात आलं तर थेट नोव्हेंबर. तेव्हापासून आम्ही सामने बघत नव्हतो, काकूंचा पडदा दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

आता प्रश्न आला, तिसरी जागा पक्की झाली की उजवा डोळा काढायचा कोणी? काकू म्हणाल्या, "माझा हात थरथरतो, तुमच्यातलं कोणीतरी काढा." मग दगड-कागद-कात्री झालं. सगळ्यांनी दगड काढला, मी कागद. झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी कुठलंही काम तयारीशिवाय करत नाही. डोळा गोल यायला हवा, बुबुळात जरब हवी आणि तरी नजर प्रेमळ हवी. मी चांगला कुंचला आणला, शाई आणली आणि घरी अंड्यांवर सराव सुरू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून किंकाळी ऐकू आली. माझ्या बायकोने, योरिकोने, फ्रिज उघडला होता, आणि आतून ओळीने अंडी तिच्याकडे बघत होती.

"अहो, हे काय?"

"सराव."

"मी आता हे फोडू कशी? माझ्याकडे बघतायत ती!"

मग मी सलगमांवर गेलो. सलगम लाल नसलं तरी आकाराने दारुमाच्या जवळचं. आठवडाभर आमच्या घरी डोळेवाल्या सलगमांचं सार होतं. योरिको म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आधी जिंकू तर द्या त्यांना." बायकोचं बोलणं त्या वेळी ऐकलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण कोणता नवरा ऐकतो?

तो दिवस उजाडला. रविवारची दुपार, सामना राजधानीत. जिंकलो तर तिसरी जागा पक्की. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं दारात, दाराबाहेर, पडदा डोक्यावर घेऊन उभी होती. नववा डाव, आम्ही पाच धावांनी पुढे, त्यांचे दोन गडी बाद. आता एक बाद झाला की झालं. "इनुकाईसान, तयार राहा," हिरुमा म्हणाला. मी स्टुलावर चढलो. शाईत कुंचला बुडवला. मला सगळं संथ आणि सोनेरी दिसत होतं. खिडकीतून ऊन थेट दारुमाच्या कोऱ्या डोळ्यावर आलेलं. मागून आवाज आला, "गेला, गेला, चेंडू हवेत!" आणि कुंचल्याच्या टोकाशी शाईचा थेंब जमायला लागला.

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? थेंब गालावर ओघळू द्यायचा? मी डोळा काढला. काय सुंदर आला म्हणून सांगू! गोल, जरबदार, प्रेमळ. मी हसत हसत मागे वळलो. आमच्या खेळाडूच्या हातातून चेंडू निसटून गवतावर घरंगळत होता.

त्यानंतर जे झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायला माझ्यात ताकद नाही. एक धाव, मग दोन, मग तिन्ही बेसवर त्यांची माणसं, मग होमरन, म्हणजे एका फटक्यात चार धावा. आम्ही हरलो. दुकानात कोणीच टीव्हीकडे बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या खांद्यावरून दोन्ही डोळ्यांनी दारुमाही बघत होता.

"काढला?" उएमात्सुने विचारलं.

"थेंब पडत होता."

"थेंब पडत होता!" तो दुकानाला उद्देशून म्हणाला. "ऐकलंत का? साहेबांचा थेंब पडत होता!"

पुढचे सगळे सामने पेलिकन्स हरत गेले. बेअर्स मानेवर येऊन बसले. बाजारातून मी जायला लागलो की दुकानदार हातातली कामं थांबवून मला सल्ले देत. भाजीवाली म्हणाली, पांढरा रंग फासा. मास्तर म्हणाले, खोडाखोड केलेलं उत्तर ग्राह्य धरत नाहीत. हिरुमा म्हणाला, दारुमाचं तोंड भिंतीकडे करा. केलं. त्या दिवशी पेलिकन्स आणखी वाईट हरले. त्यांना आता कोणीच बघत नव्हतं, असं त्यावर हिरुमाचंच मत पडलं. फुसाएकाकूंनी मात्र कसलाच सल्ला दिला नाही. त्यांनी मला नेहमीसारखा मुळा वाढला, आणि मी तो तसाच ताटलीत ठेवून उठलो.

मी दारुमा कापडात गुंडाळून देवळात नेला. तिथे जुने दारुमा जाळून निरोप देतात. खिडकीत एक भिक्षू बसले होते.

"इच्छा पूर्ण?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग डावीकडच्या ढिगात." त्यांनी कापड उघडलं. "पण याला तर दोन डोळे आहेत!"

"हो, ते जरा घाईत..."

"दोन डोळे म्हणजे इच्छा पूर्ण. उजवीकडचा ढीग."

"पण पूर्ण नाही झाली."

"मग दोन डोळे कसे?"

असं बराच वेळ चाललं. नियमाबाहेरच्या फांदीचा अर्ज घेऊन येणाऱ्यांशी मी कचेरीत जसं बोलतो, तस्सेच ते माझ्याशी बोलत होते. अपमान झाला, पण कामातली सफाई मला आवडली. शेवटी ते म्हणाले, "इच्छा कुणाची आहे त्यांनाच विचारा, झाली की नाही. आम्ही परस्पर कसं ठरवणार?" मी चिडून परत आलो. काकूंना जाऊन काय विचारायचं? तुमचं दुकान बुडवलं ना मी, असं?

शेवटचा उपाय म्हणून योरिको म्हणाली, "डोळ्याचं दुखणं ना? मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या." ती चेष्टा करत होती, हे मला डॉक्टर उबुकातांच्या दवाखान्यात मांडीवर दारुमा घेऊन बसल्यावर कळलं. शेजारच्या आजीबाई माझ्यापासून जरा सरकून बसल्या.

"पेशंटचं नाव?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"दारुमा."

"वय?"

"या वसंतातला."

"विमा आहे का?"

डॉक्टर उबुकाता हे पेलिकन्सचे जुने भक्त. त्यांनी दारुमाला खुर्चीत बसवलं, टॉर्च मारला, बराच वेळ "हूं, हूं" केलं. "उजवा डोळा वेळेआधी उघडलाय," ते म्हणाले. "विश्रांती द्यायची. मोसम संपेपर्यंत पट्टी काढायची नाही." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पांढरी स्वच्छ पट्टी बांधली.

त्या दिवशी पेलिकन्स जिंकले! दुसऱ्या दिवशीही जिंकले! तिसऱ्या दिवशी हिरुमा उजव्या डोळ्याला पट्टी बांधून आला, चौथ्या दिवशी सगळं दुकान. बाजारात माणसं एकमेकांना धडकायला लागली. उएमात्सुचा टोफू वाकडा कापला जायला लागला, हिरुमाकडे हजामतीला जायची कोणाची छाती होईना. कचेरीत माझ्या वरिष्ठांनी पट्टीबद्दल विचारलं, मी म्हटलं, "फांदी लागली." उद्यान खात्यात या उत्तरावर कोणी शंका घेत नाही.

पण माझ्या नशिबी सुख कुठलं? हिरुमाच्या ध्यानात आलं की ज्या दिवशी पट्टी बांधली त्या दिवशी मला कचेरीत थांबावं लागलं होतं, सामना मी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशीही उशीर झालेला. "म्हणजे पट्टीचा अर्धा गुण," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आणि अर्धा तुमच्या नसण्याचा. राग मानू नका इनुकाईसान. काकूंच्या दुकानाचा प्रश्न आहे."

राग कसला मानायचा? मला रडू येत होतं. पण मी मानेने होकार दिला आणि त्या दिवसापासून सामन्याच्या वेळी समुद्राच्या बांधावर जाऊन बसायला लागलो.

तिथून खाडीपलीकडे आमचं मैदान दिसतं. दिसतं म्हणजे दिव्यांचे खांब दिसतात. लोकांचा आवाज मात्र पाण्यावरून स्वच्छ येतो. मी डोळे मिटून तो आवाज ऐकायचो. लांबलेला "ओऽऽ" आला की चेंडू उंच गेला. "आऽऽह" झालं की झेलला गेला. आवाजच आला नाही की त्यांची धाव झाली. एक भलाथोरला सामना नुसता कानांनी पाण्यावर तरंगताना बघायचा, आणि घरी जाताना आपण खरंच काही ऐकलं की लाटाच होत्या, ते कळायचं नाही. गल्लीतून जाताना काकूंच्या दुकानातला उजेड पडद्याखालून रस्त्यावर आलेला दिसे. मी पलीकडच्या कडेने जायचो.

शेवटचा सामना पावसाने पुढे ढकललेला होता. सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ, मैदान आमचं, आणि समोर बेअर्सच. बरोबरी झाली तरी तिसरे आम्ही. हरलो की चौथे, मोसम खलास, पडदा खाली. मी सकाळपासून बांधावर जाऊन बसलो. योरिकोने भाताचे गोळे दिले होते, ते सीगल पक्ष्यांनीच खाल्ले. नऊ डाव झाले, आवाजावरून बरोबरी. दहावा, अकरावा. आमच्याकडे बारा डावांनंतर सामना थांबवतात, निकाल लागो न लागो. ऊन कलायला लागलं होतं. आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बाई बाई, केवढा उंच हा जिना!"

फुसाएकाकू! एप्रन तसाच, हातात पळी तशीच, गुडघा धरून उभ्या.

"काकू! तुम्ही इथे? सामना सोडून?"

"चला दुकानात."

"कसं येऊ? मी आलो आणि हरले तर? हिरुमा मला वस्तऱ्यानेच..."

"तुमचं स्टूल रिकामं आहे," त्या म्हणाल्या. "गर्दीत उभे राहतात लोक, पण त्यावर कोणी बसत नाही. किती दिवस बघू मी ते रिकामं स्टूल?"

"काकू, तुम्ही तिसऱ्या जागेसाठी डोळा काढलात, आणि मी तुमचा..."

"कोण म्हणालं तिसऱ्या जागेसाठी?" त्या बांधावर टेकल्या. "हे गेल्यावर दुकानात तुम्ही, तो न्हावी आणि ते मांजर. मला बेसबॉल कुठे कळतो? मी म्हटलं, देवा, एकदा तरी ही सगळी स्टुलं भरलेली बघू दे, मग मी खुशाल बंद करीन." त्यांनी पळीने माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. "तुम्ही डोळा काढलात तेव्हा दारातसुद्धा जागा नव्हती. अगदी वेळेवर काढलात तुम्ही. तुमच्या त्या रडक्या तोंडापुढे सांगायची सोय नव्हती, आणि बाकीचे पट्ट्या बांधून इतके खुशीत होते की त्यांचाही विरस करवेना."

देवळातल्या त्या खिडकीतल्या माणसाने सरळ सांगितलं होतं, विचारा म्हणून! मी काकूंचा हात धरून त्यांना जिना उतरवला. आता कोण कोणाला आधार देत होतं, ते मी सांगत नाही.

पडदा बाजूला करून मी आत शिरलो आणि एकडोळ्या माणसांची अख्खी रांग माझ्याकडे वळली. "इनुकाईसान, नको!" हिरुमा ओरडला. "बाराव्या डावात? आत्ता?"

"बसतील ते," काकू म्हणाल्या. "ज्याला नको असेल त्याने बाहेर जाऊन बसावं. बांधावर जागा आहे."

मी माझ्या स्टुलावर बसलो. बारावा डाव, बेअर्सची पाळी, बेस भरलेले, दोन बाद. हा एक बाद झाला की आम्ही हरूच शकत नव्हतो. टीव्हीच्या डोक्यावर दारुमा पट्टी बांधून बसला होता. आमचा पिचर घाम पुसत होता. घरच्या सामन्याला काकू नेहमी खिडकी लावून घेतात, कारण मैदानातली आरोळी पाण्यावरून आधी येते आणि टीव्हीवरचं चित्र मागाहून. आज मला आणायच्या गडबडीत खिडकी उघडीच राहिली होती.

त्याने चेंडू टाकला. बॅट लागली. चेंडू उंच उडाला, अगदी त्या रविवारसारखा, आणि आमचा तोच खेळाडू उन्हात डोळे बारीक करून त्याच्याखाली मागे मागे जायला लागला. कोणीतरी माझी बाही घट्ट धरली. चेंडू टीव्हीत अजून हवेतच होता, आणि खिडकीतून, खाडीवरून, सबंध गावाच्या गळ्यातून निघालेली आरोळी आत आली.

आम्ही कोणीच हललो नाही. सगळ्यांना कळलं होतं. चेंडू वर तरंगतोय, तो खाली येणार, झेलला जाणार, आणि तरी तो अजून आलेला नाही. तेवढा वेळ सगळं दुकान स्तब्ध बसून त्याच्याकडे बघत राहिलं, आणि मला वाटलं, तो खाली न आला तरी चालेल. मग तो हातमोज्यात पडला, आणि हिरुमाने मला मिठी मारून माझा चष्मा मोडला.

उरलेला अर्धा डाव कोणी पाहिला नाही. बरोबरी झाली म्हणे. काकूंनी आपली खरी इच्छा काय होती ते सगळ्यांना सांगितलं, मला स्टुलावर चढवलं, मी दारुमाची पट्टी सोडली, आणि हिरुमाने स्वतःच्या पट्टीने डोळे पुसले. दारुमाचा डोळा अजून तसाच होता, गोल, जरबदार, प्रेमळ.

उएमात्सुने घसा खाकरला. जे सगळ्यांच्या मनात होतं ते त्यानेच विचारलं. "काकू, इच्छा पूर्ण झाली म्हणता. मग आता... पडदा?"

काकू पातेल्याकडे वळल्या.

"या दारुमाचे दोन्ही डोळे भरले," त्या म्हणाल्या. "नवीन वर्षात दुसरा आणावा लागेल. तोवर गुडघे ओरडू देत. शनिवारी पुढचा सामना ना? येणार कोण कोण, हात वर करा, मला मासे सांगायचेत."

मी दोन्ही हात वर केले.